लॅम्डा, मी आणि आमची म्हैस

मुलांनो,

परवा फोनवर धाकटी म्हणाली, "आजी, पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे. लॅम्डा कॅल्क्युलस नावाचा विषय आहे, तुला नाही कळायचा. मलाच कळत नाहीये." मागून थोरल्याचा आवाज आला, "तिला काय सांगतेयस? तिला फोन सरळ धरता येत नाही, मघापासून मला तिच्या घरातला पंखाच दिसतोय."

पंख्याचं खरं आहे. पण लॅम्डा कॅल्क्युलस मी तुमच्या बाबांच्या जन्माच्या आधी शिकले आहे, आणि तेही मुळशीत, भाताच्या खळ्यावर, तुमच्या पणजीला शिकवता शिकवता. ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही, ती क्रमाने सांगावी लागते. परीक्षेच्या आत तुमच्या हातात पडावी म्हणून आज सकाळची कामं लवकर उरकून लिहायला बसले आहे. धाकटीने शेजारी कागद-पेन्सिल घेऊन वाचावं. थोरल्याने नुसतं वाचलं तरी चालेल.

यात कुणाचंही नाव येणार नाही. तुमच्या आजोबांचं नाव मी उखाण्याखेरीज कधी घेतलं नाही, ते आता कुठे घेऊ? बाकीची माणसंही गेली. गेलेल्यांची थट्टा करायची तर ती नावानिशी करू नये.

साठचं दशक नुकतं लागलं होतं. मी पुण्यात वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली, गणितात एम.ए. झालेली. लग्न होऊन आले ती धरणाच्या वरच्या अंगाच्या एका गावात. धरणातल्या पाण्याची वीज मुंबईला जायची आणि आमच्याकडे कंदील असायचा. घरची भातशेती होती. तुमचे आजोबा पौडला कचेरीत कारकून होते, सायकलने जायचे-यायचे. घरात पणजी आणि पणजोबा. पणजीला मी आत्या म्हणायची, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात.

त्या वर्षी दिवाळीला मी माहेरी गेले होते, तेव्हा माझे जुने सर भेटले. म्हणाले, कॉलेजात ट्यूटरची एक जागा रिकामी होते आहे. तीन जणांपुढे तासभर व्याख्यान द्यायचं, त्यावर ठरणार. "असा विषय घे, की जो त्यांनी ऐकलेला नाही," सर म्हणाले. "ऐकलेला असला की ते मधे बोलतात." आणि परदेशातून आणलेले टाइप केलेले काही कागद त्यांनी माझ्या हातात ठेवले. मी विचारलं, याचा उपयोग काय? सर अभिमानाने म्हणाले, "अजून तरी काहीही नाही."

ही जागा गेली तर दुसरी होणार नव्हती. मुळशीत राहून गणित म्हणजे आठवडाबाजाराचा हिशेब, एवढंच माझ्या वाट्याला उरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण जायचं तर घरातून होकार हवा. आजोबांना विचारलं, ते म्हणाले, "आई म्हणेल ते." पणजोबांना विचारलं, ते म्हणाले, "बघू." म्हणजे उरली पणजी. ती सूप घेऊन भात पाखडत होती.

"काय शिकवनार हायेस तितं?"

"गणित, आत्या."

"गणित येतंय की मला. मापटं, पायली, मण. त्यापायी पुण्याला कशाला जायाचं?"

"हे वेगळं आहे. यात आकडे नाहीत."

तिने सूप खाली ठेवलं. "आकडं न्हाईत? आन पगार?"

"पगार आकड्यात."

"मग त्यांना येड लागलंय का तुला, त्ये आधी कळाया पायजे. मला सांग समजावून. मला कळलं तर त्या तिघांना बी कळंल. त्यांना कळलं तर नोकरी. न्हाईतर हितं भात झोडाया मानूस कमीच हाय."

अशी माझी पहिली परीक्षा ठरली. दुपारी झोडणी थांबली, माणसं जेवायला गेली, की सारवलेल्या खळ्याच्या कडेला मी रांगोळीने लिहायची आणि पणजी पाय पसरून बसायची. पहिल्या दिवशी मी λ काढला. तिने वाकून बघितलं.

"ह्यो कोन पाय फाकून उभा?"

"हा लॅम्डा. हा पहारेकरी समजा. याच्या पुढे एक अक्षर असतं आणि त्याच्यापुढे टिंब. λक. असं लिहिलं, म्हणजे 'क आत येऊ दे, आल्यावर काय करायचं ते टिंबाच्या पुढे लिहिलंय.'"

सरांच्या कागदांवर इंग्रजी अक्षरं होती, मी त्यांच्या जागी आपली घातली. धाकटे, तूही तसंच कर, अर्धी भीती तिथेच जाते. या भाषेत तीनच प्रकारचे शब्द असतात. नुसतं एखादं अक्षर हा एक शब्द. लॅम्डा, अक्षर, टिंब आणि त्यापुढे कुठलाही शब्द, हा दुसरा. आणि दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले की तिसरा. त्यात डावीकडचा हे काम आणि उजवीकडचा हा त्याला दिलेला माल. संपलं व्याकरण. बेरीज नाही, वजाबाकी नाही, एक हा आकडासुद्धा नाही. फक्त कंस हवे तेवढे. कंस नसले तर डावीकडून जोड्या लावायच्या: कखग म्हणजे आधी कख, मग त्या दोघांपुढे ग. आणि टिंबाचा अंमल उजवीकडे जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंत.

"डावीकडनं म्हंजी पान वाढल्यावानी," पणजी म्हणाली. "मीठ आधी."

मीठ आधी, असं मी धरून चालले.

मग मी λक.क लिहिलं. "हा सगळ्यात साधा. क आला, की क परत. जे द्याल तेच मिळतं, त्यात काही बदल नाही."

"ह्ये आपलं पोरगं," पणजी म्हणाली.

"आत्या!"

"खोटं हाय का? मी म्हनलं हिकडं, तर त्यो हिकडं. तू म्हनलीस तिकडं, तर तिकडं."

तेवढ्यात सुट्टीचा दिवस म्हणून आजोबा पेंढ्याचा भारा घेऊन जात होते. ते थांबले. "काय म्हणालीस गं?"

"काय न्हाई."

"काय नाही," आजोबा म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी λक.ख लिहिलं. "इथे क आत येतो, पण पुढे तो कुठेच नाही. काहीही द्या, तो न बघता टाकून देतो आणि उत्तर ठरलेलं, ख."

पणजीने मान वळवली. पणजोबा मुंडाशाचं टोक तोंडावर घेऊन गंजीच्या सावलीत आडवे झाले होते.

"अवं! पेंड सपलीया म्हशीची."

"बघू."

"सून पुण्याला नोकरी करतीया म्हनं."

"बघू."

"घराला आग लागलीया!"

"बघू," मुंडाशाखालून आवाज आला.

"कळला तुजा ख," पणजी म्हणाली. "फुडं."

पुढे खरा नियम. काम आणि माल शेजारी आले, की λक. पुसून टाकायचं आणि टिंबापुढे जिथे जिथे तो क असेल तिथे तिथे माल ठेवायचा. धाकटे, तुमच्या पुस्तकात याला बीटा म्हणतात, आणि सगळं चालतं ते यानेच. (λक.कक)ख असेल तर त्याचं होतं खख. पणजीने हे पुन्हा पुन्हा करून घेतलं. तिला वाटलं मी फसवते आहे.

"एकच पोतं आन दोन जागी ठिवलं?"

"हो. जितके क, तितक्या जागी."

"आशी शेती असती तर मी तुला कशाला झोडाया लावलं असतं?"

इथपर्यंत आमचं छान चाललं होतं. मग आली ती अडचण, ज्यात तुमच्या वर्गातली सगळी मुलं पडणार आहेत. (λक.λख.क) घ्या. याला ग दिला, तर मिळतो λख.ग, म्हणजे काही दिलं तरी ग. पणजोबाच, फक्त त्यांचा शब्द वेगळा. आता ग च्या ऐवजी बाहेरचा एखादा ख द्या. घाईघाईने ठेवलात, तर होतं λख.ख. म्हणजे जे द्याल तेच परत. पणजोबांचे झाले आजोबा! मी उत्साहाच्या भरात पणजीला म्हणाले, "बघा आत्या, एक अक्षर चुकलं आणि सासरा होता त्याचा नवरा झाला."

पणजीने कानांवर हात ठेवले. "शिवशिव! ह्ये सांगनार हायेस व्हय तिघा बाप्यांम्होरं?"

तिला शांत करायला मला म्हशीचं उदाहरण द्यावं लागलं. ते तुम्हाला तुमच्या बाबांनी सांगितलेलं नसणार, कारण त्यांना ते आवडत नाही.

आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचं. माझं नवं नाव आजोबांच्या मामांनी सुचवलं. नाव छान होतं. पण मामा कितीतरी वर्षांत आमच्या घरी आले नव्हते, आणि आमच्या म्हशीचं नाव तेच आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मांडवात कुणाच्या लक्षात आलं असेल, तर कोणी बोललं नाही. पहाटे पणजीने हाक मारली, की मी "आले" म्हणायची आणि गोठ्यातून म्हैस हंबरायची. "मागं सर" म्हटलं की मी मागे सरायची. शेजारणी ओट्यावर बसून हसायच्या.

आता गणितातला नियम असा. बाहेरून जे अक्षर येतं ते मुक्त. त्याच्या नावाला हात लावायचा नाही, कारण त्याला बाहेर लोक त्याच नावाने ओळखतात. आतलं जे अक्षर आपल्याच लॅम्डाशी बांधलेलं आहे, त्याचं नाव खुशाल बदला. फक्त बदलाल तिथे सगळीकडे बदला, आणि नवं नाव असं ठेवा जे तिथे आणखी कुणाचं नसेल. अर्थ तसूभर बदलत नाही. म्हणजे आधी λक.λख.क चं λक.λघ.क करा, मग ख ठेवा. मिळतो λघ.ख. सासरा सासराच राहतो.

आमच्या घरात बाहेरून आले होते मी, आणि बांधलेली होती म्हैस. नियमाने नाव बदलायचं म्हशीचं. तसं करूनही पाहिलं. नव्या नावाने हाक मारली की ती पान्हाच सोडेना. काही दिवसांनी घरात बैठक बसली आणि माझं नाव बदलायचं ठरलं, कारण म्हैस दूध देत होती आणि मी काही देत नव्हते.

पणजीने हे सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी आमचं चुकलं म्हन की."

"नियमाप्रमाणे, हो."

"नियमानं पान्हा फुटतोय व्हय?" ती म्हणाली. पण सूप उचललं नाही. म्हणाली, "तवा मामास्नी सांगाया पायजे हुतं." आमच्यात याविषयी झालेलं हे एवढंच बोलणं.

एक छोटा नियम राहिला, तो मी त्याच दिवशी उरकला. λक.फक असं असेल, आणि फ मध्ये तो क नसेल, तर सरळ फ म्हणा. मधला माणूस नुसता माल घेऊन फ च्या दारात पोचवतो आहे, त्याला गाळलं तरी काम तेच होतं. तोवर मी पणजीला काही विचारायचं तर आजोबांना सांगायची, ते पणजीला सांगायचे, आणि उत्तर त्याच वाटेने यायचं. पणजीने हा नियम ऐकला आणि म्हणाली, "मग त्याला कशाला पळवतीस? तोंड हाय की तुला." त्यानंतर आजोबांना संध्याकाळी बराच मोकळा वेळ मिळू लागला.

झोडणी संपत आली तेव्हा पणजीने निकाल दिला. "मला कळलं न्हाई. पर तुला कळलंय, येवढं मला कळलं. जा. आन मी बी येनार. ती तीन मानसं कशी हायत त्ये बघाया नको?"

व्याख्यानाच्या दिवशी आम्ही दोघी पौडहून एस.टी.ने पुण्याला गेलो. पणजीच्या काखेत सरांसाठी नव्या आंबेमोहोराची पिशवी. कॉलेजातल्या खोलीत पुढच्या बाकावर माझे सर, काळा कोट घातलेले एक प्राध्यापक, आणि डोळे मिटून बसणारे एक वयस्कर प्राध्यापक. मागच्या बाकावर नऊवारीत पणजी. ही कोण, असं कुणी विचारायच्या आत तिने सगळ्यांना रामराम घातला, त्यामुळे विचारायची सोय उरली नाही.

मी इंग्रजीत सुरुवात केली. फळ्यावर क आणि ख पाहून कोटवाल्यांनी भुवया चढवल्या. "ही अक्षरं का?"

"बांधलेल्या अक्षराचं नाव बदललं तरी अर्थ बदलत नाही, सर. पहिला नियम तोच आहे."

सरांनी खोकल्यासारखं केलं. ते हसत होते. पुढे नियम झाले, उदाहरणं झाली. जिथे करण्यासारखं काही उरत नाही ते शेवटचं रूप, हे झालं. कुठल्याही वाटेने गेलात तरी शेवटच्या रूपाला पोचणारे सगळे एकाच रूपाला पोचतात, हेही झालं. मग मी फळ्यावर (λक.कक)(λक.कक) लिहिलं आणि सांगितलं की याला शेवटच नाही. नियम लावा, डावीकडच्या दोन्ही क च्या जागी उजवीकडचा माल ठेवा, आणि पुन्हा हेच मिळतं.

"कागदावर ठीक आहे," कोटवाले म्हणाले. "पण प्रत्येक पायरी नियमाने होते आणि तरी काहीच संपत नाही, असं खऱ्या जगात कुठे असतं?"

हे माझ्या तयारीत नव्हतं. मी मागे बघितलं, आणि पणजी दिसल्याबरोबर मला आमच्या आणि शेजारच्या घरामधल्या एका भांड्याची आठवण झाली. भांड्याला इंग्रजी जमेना, म्हणून मी मराठीत आले.

"सर, आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये एक पितळी वाडगा आहे. तो आमचा नाही असं आमचं म्हणणं, आणि त्यांचा नाही असं त्यांचं. दुसऱ्याचं भांडं परत द्यायचं असतं, आणि भांडं रिकामं परत देऊ नये. त्यामुळे आम्ही त्यात काकवी घालून पाठवतो. त्या त्यात वालाची उसळ घालून परत पाठवतात. मी लग्न होऊन यायच्या आधीपासून हे चाललं आहे."

डोळे मिटलेल्या प्राध्यापकांनी डोळे उघडले. "चिमूटभर साखर घालून द्यावा."

"साखर म्हणजेसुद्धा रिकामा नाहीच की," सर म्हणाले.

"पण साखरेची परतफेड करायची नसते."

"आमच्याकडे करतात," कोटवाले म्हणाले. "आणि वाडग्यावर नाव नाही का घातलेलं?"

"घासून घासून गेलंय."

"मग दोन्ही घरांतल्या जुन्या भांड्यांशी घडण ताडून बघायची—"

"त्यांचाच हाय त्यो!" मागच्या बाकावरून पणजी उभी राहिली. "तिच्या पोरीच्या लग्नातला. मी सोता बघितलाय रुखवतात."

"बाई, मग त्यांनी नको का म्हणावं?" वयस्कर प्राध्यापकांनी पूर्ण वळून विचारलं.

"ठिवून घेतला तर काकवी कशात जाईल?"

यावर तिघेही एकदम बोलू लागले. कोटवाल्यांच्या घरी असाच एक डबा होता. वयस्कर प्राध्यापकांचं मत होतं की मूळ चूक पहिल्यांदा पाठवणाऱ्याची. सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर दोन घरं काढली. पणजी पुढच्या बाकावर येऊन त्यांना सांगू लागली की विहीर अलीकडे आहे, पलीकडे नाही. बाहेर उन्हं उतरत होती. आमची पौडची शेवटची गाडी निघायची वेळ होत आली होती, आणि माझ्या जागेबद्दल कुणी एक अक्षर बोललं नव्हतं.

मी डस्टर टेबलावर आपटलं. माझ्या हातून असं काही होईल असं मला वाटलं नव्हतं.

"सर, एक राहिलं." फळ्यावर उरलेल्या जागेत मी (λक.ख) लिहिलं आणि त्याच्यापुढे कंसात तो न संपणारा शब्द. "इथे दोन ठिकाणी नियम लावता येतो. आतल्या मालापासून सुरुवात केली, तर आपण जन्मभर आतच राहू. बाहेरचं आधी केलं, तर आतला माल टाकून दिला जातो आणि एका पायरीत उत्तर मिळतं. शेवटचं रूप असेल तर ते सापडण्याची खात्रीची वाट हीच, सगळ्यात डावीकडचं, सगळ्यात बाहेरचं आधी. आत्ता बाहेरचा प्रश्न एवढाच आहे, की मला जागा देणार की नाही. आमची गाडी आहे."

 कोटवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "देऊन टाका," ते म्हणाले. "इतक्या वेळात मला पहिल्यांदाच काहीतरी उपयोग दिसला."

"पण वाडगा—" वयस्कर प्राध्यापक म्हणाले.

"तो उद्या," सर म्हणाले.

स्टँडपर्यंत आम्ही दोघी अक्षरशः पळालो. नऊवारीचा काष्टा आवळून पणजी माझ्या पुढे होती. गाडीत बसल्यावर दम खात ती म्हणाली, "आंबेमोहोर द्यायचा ऱ्हायला." पिशवी तिच्या मांडीवरच होती. मग चांदणी चौकाच्या चढाला म्हणाली, "भल्या मानसांचं पोट भरत असंल त्यावर, तर तुजं बी भरंल. पर भाताच्या लावनीला सुट्टी घ्यायची. त्यांना आधीच सांगून ठिव."

मी सांगितलं, आणि दर वर्षी त्यांनी ती दिली. आठवडाभर माहेरी राहायचं, शनिवारी पौडची गाडी धरायची, असं तुमच्या बाबांच्या जन्मापर्यंत चाललं. मग आम्ही पुण्यात बिऱ्हाड केलं. मी त्या कॉलेजातूनच निवृत्त झाले.

धाकटे, परीक्षेत कंस मोजून लिही आणि नाव आधी बदल.

पणजी, पणजोबा, आजोबा आणि ते तिघे, आता कुणीच राहिलेलं नाही. पिरंगुटच्या रस्त्याला कारखाने आले. माण गावात जिथे शेतं होती तिथल्या काचेच्या इमारतींमध्ये मुलं संगणकाला कामं लिहून देतात आणि याच नियमांवर पोट भरतात, असं तुमचे बाबा सांगतात. मी शिकवायची ती खोली पाडली. तो विषय त्या कॉलेजात अजून शिकवतात.